मोडायची म्हणजे मोडायची

सकाळी साडेदहाला घड्याळजींनी मोडायचं ठरवलं.

नोट. मोठी, कोरी करकरीत, दुकानाच्या पहिल्या कमाईची. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात, काचेमागे ती कितीतरी वर्षं उभी होती. हाताला काम नसलं की घड्याळजी तिच्याकडे बघत बसत आणि मनातल्या मनात ती खर्च करत. कधी बोटीचं तिकीट, कधी बासरी, कधी टेकडीवर एका खिडकीचं घर. संध्याकाळी नोट जागच्या जागी असे आणि घड्याळजी लांबून फिरून आल्यासारखे दिसत. मोडली तर यातलं एकच काहीतरी मिळणार, म्हणून मोडवत नव्हती. पण लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि काल चपलांच्या दुकानातल्या निळ्या बुटांसमोर थबकून ती नुसतं "महाग आहेत, बाबा" एवढंच म्हणाली होती.

डोळ्याला भिंग तसंच ठेवून त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

"आज मोडूनच टाकतो. जिवावर येतंय गं, पण पोरीच्या सुखापुढे काय? ... छे, तिला कशाला विचारायचं? मोडली की कळेलच. ... आणि त्या लोकांना तर मुळीच नाही सांगायचं. त्यांना काय तिची किंमत!"

भिंगातून वीतभरापलीकडचं काही दिसत नाही. त्यामुळे बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन दारात उभ्या राहिलेल्या होणाऱ्या विहीणबाई त्यांना दिसल्या नाहीत, आणि आल्या पावली परत गेल्या तेही दिसलं नाही.

"सोयरीक मोडतायत!" आपल्या औषधांच्या दुकानात शिरत विहीणबाई म्हणाल्या. "आपल्याला न सांगता!"

"कोण?" औषधवाल्यांनी विचारलं.

"तुमचे व्याही! आपल्याला म्हणे पोरीची किंमत नाही!"

नवरा मुलगा काउंटरवरून उडी मारूनच पोस्टात पळाला. तिथे खिडकीमागे घड्याळजींची लेक तिकिटं देत होती.

"तुझे बाबा मोडतायत."

"काय?"

"आपल्याला!"

"बाबा? अरे, ते झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात." पण तिनं खिडकी बंद केली.

इकडे घड्याळजी नोट खिशात घेऊन बाजारभर हिंडत होते. पाववाला म्हणाला, "एवढी मोठी? काका, अजून भवानी नाही झाली." फुलवालीनं हात जोडले. दर नकारागणिक घड्याळजींना जरा हलकं वाटत होतं. टेकडीवरची खिडकी पुन्हा उघडत होती. दुपारी ते जवळजवळ शीळ घालत दुकानी परतले, तर दारात दोन्ही घरं उभी.

"मोडलीत?" विहीणबाईंनी विचारलं.

घड्याळजी चपापले. ही बातमी यांना कुणी दिली?

"नाही हो. सगळीकडे फिरलो. कुणी मोडून देईना."

"मग आम्हीच देतो मोडून!" औषधवाले कडाडले.

"द्याल?" घड्याळजींचा चेहरा पडला, तरी ते सभ्यपणे म्हणाले, "उपकार होतील." आणि त्यांनी खिशातून नोट काढली.

 मग लेक मटकन पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. तिच्या पाठोपाठ विहीणबाई. औषधवाल्यांनी मात्र शब्द दिला होता. त्यांनी तिथेच नोट मोडून दिली, एकेक नोट थुंकी लावून.

संध्याकाळचं वर्तमान असं : सोयरीक शाबूत आहे. निळे बूट घरी आले आहेत. लेक ते घालून स्वयंपाकघरात फिरते आहे. काचेमागे चौकोनी, रिकामी, स्वच्छ जागा आहे.

आणि घड्याळजी औषधांच्या दुकानात डोकेदुखीची एकच गोळी मागत उभे आहेत.

"व्याही," ते हळूच म्हणाले, "ती नोट इतक्यात कुणाला देऊ नका हं. जोडून मिळाली तर बघतोय. टेकडीवरचं एक घर होतं हो तिच्यात."

औषधवाल्यांनी गल्ला थोडासा उघडला. दोघेही आत बघत राहिले.

"टेकडीवर," औषधवाले म्हणाले, "घर केवढ्याला पडतं हो?"