शत्रूच्या वर्गात तांबेसर

पिल्लांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आजी, आता शिकायला कॉलेज कशाला लागतं?" तेव्हापासून तांबेसर डोळ्यांसमोर आहेत, म्हणून लिहायला बसले. आमच्या कॉलेजात ते स्टॅटिस्टिक्स शिकवत, मी इंग्रजी. विजय नगरात घरंही शेजारी-शेजारी.

हा माणूस ऑनलाइन कोर्सचा व्हिडिओ लावला की लॅपटॉपसमोर उभा राही. पडद्यावरचे प्राध्यापक बोलू लागले की मगच बसे. "शत्रू असला तरी मास्तर आहे, वहिनी."

शत्रू, कारण असे कोर्स नवे आले त्या वर्षी पेपरांत सारखं येई की एकच प्राध्यापक लाखोंना फुकट शिकवणार आणि वर्ग ओस पडणार. स्टाफरूममध्ये सगळे धास्तावले होते. कंत्राटी शिक्षकांना तर नोकरीचीच भीती. चुका काढायच्या म्हणून सरांनी कोर्सला नाव घातलं आणि पडद्याशी भांडू लागले. भिंतीपलीकडून आमच्याकडच्या हिंदीत मला ऐकू येई, "अरे भिया, म्हणजे भाऊ, रुको तो सही. पोरांना उतरवून तरी घेऊ दे."

मग एक पत्रकार मुलगी सरांच्या घरी आली. स्टाफच्या वतीने सरच बोलणार होते. मलाही बोलावलं, पोहे करायला नव्हे, सरांना आवरायला. यंत्राला विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही, असं ते तावातावाने सांगत होते, तेवढ्यात लॅपटॉप टिणटिणला. कोर्सच्या चर्चेच्या पानावर जवळच्या सांवेर गावच्या कुणा बाईंनी शंका विचारली होती. "एक मिनट हां," म्हणून सर उत्तर लिहायला बसले ते अर्धा तास. मुलीने मागून डोकावून पाहिलं. त्या पानावर बहुतेक उत्तरं तांबेसरांचीच.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत: ऑनलाइनचे विरोधकच ऑनलाइन गुरुजी. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी कुणी बोलेना. एकाने तर फितूर म्हटलं.

मी विचारलं, का करता हे?

"तो मास्तर छान सांगतो, पण सांगून निघून जातो. अडलेल्याला टाकून कसं उठायचं?" ते चष्मा पुसत राहिले. "आणि वहिनी, आमची ही, सुमन, गेल्यापासून या घरात मला 'समजलं नाही' म्हणायला कोण आहे?"

त्यातलं पहिलं मी स्टाफरूममध्ये सांगितलं, दुसरं नाही. पहिलं कॉलेजला दिलेल्या आमच्या निवेदनात गेलं, आणि कंत्राटी शिक्षकांना ऑनलाइन कोर्सच्या शंका सोडवण्याचे तास मिळाले. फितूर म्हणणाऱ्यानेच सरांना चहा पाजला.

तो कोर्स केव्हाच बंद झाला, सरही रिटायर झाले. शंका अजून येतात. रविवारी सकाळी त्यांच्या दाराबाहेर चपला मावत नाहीत.