आंबली

एका घनदाट जंगलात बिअर एकाच चवीची मिळायची. मतं मात्र झाडागणिक वेगळी होती.

दचकू नका, मुलांनो. बिअर म्हणजे ते सोनेरी, फेसाळ पेय. तुमचे बाबा ते फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवतात आणि तुम्ही विचारलंत तर औषध म्हणतात. जंगलात फ्रिज नव्हते, म्हणून सगळे उघड प्यायचे.

ही बिअर गजाशेठ नावाचा हत्ती बनवायचा. तिचं नाव 'गजराज छाप'. टेकडीच्या पायथ्याशी त्याचा मोठा हौद होता. सोंडेने पाणी सोडायचं, वरून चिमूटभर सातू भिरकावायचा, की झाली बिअर. ती कुणाला धड आवडायची नाही आणि कुणाला धड नावडायचीही नाही. म्हणूनच ती भरपूर खपायची.

पण मतं विचारू नका. म्हैस म्हणायची, गजराज गारच हवी, कोमट प्यायची तर डबकं काय वाईट. तरस म्हणायचा, कडक हवी, डोकं धरलं पाहिजे. बगळ्याला नुसता फेस लागायचा. घोरपडकाकू फक्त पचनासाठी घ्यायच्या, आणि त्यांचं पचन रोज संध्याकाळी बिघडायचं. सगळे एकाच हौदातलं प्यायचे आणि आपलीच आवड कशी खरी, यावर एकमेकांच्या शेपट्या ओढायचे.

शेवटचा शब्द अस्वलआबांचा. आबा पंचांमध्ये सर्वांत ज्येष्ठ. प्रत्येक हौदाच्या पहिल्या घोटाचा मान त्यांचा. ते घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मुरली आहे." हौद त्याच दिवशी सकाळी भरलेला असला, तरी आबा म्हणाले मुरली, म्हणजे मुरली. आबा स्वतःलाही मुरलेलेच म्हणवून घ्यायचे.

त्याच जंगलात शलाका नावाची तरुण सायाळ राहायची. नदीपलीकडच्या कॉलेजातून धान्य आंबवायचं शास्त्र शिकून आली होती. गजराज प्यायल्यावर तिला वाटायचं, गजाशेठने पाय धुऊन तेच पाणी पुढे केलं आहे. वाटून गप्प बसली असती तर ती गुणी मुलगी ठरली असती. पण ती बोलून दाखवायची.

नुसतं बोलून थांबलीही नाही. तिने बिळाशेजारी मडकी मांडली. सातू भिजवला, त्याला मोड आणले, वाळवून खरपूस भाजला. त्यात रानातली करवंदं घातली. मग ती मडक्याला कान लावून बसायची. आतून बुडबुड ऐकू आली की तिचे काटे आनंदाने खुळखुळायचे.

तिची एकच इच्छा होती. आठवडी बाजारात आपलं दुकान असावं आणि आपली बिअर जंगलाने आपली म्हणून प्यावी. त्यासाठी पंचांची परवानगी लागायची.

त्याआधी दाढ्या राखलेले तरुण कोल्हे चव घ्यायला येऊन गेले. त्यांना गजराजचा तिटकारा होता, कारण ती सगळेच प्यायचे. त्यांनी शलाकाची बिअर आधी हुंगली, मग उजेडात धरली, मग पुन्हा हुंगली. एकाला तिच्यात भिजलेल्या सागाची साल जाणवली. दुसऱ्याला मागून हलकीशी, पण सुसंस्कृत बुरशी लागली.

"करवंद आहे रे ते," शलाका म्हणाली.

कोल्हे जरा हिरमुसले.

पंच बसले त्या दिवशी शलाकाने मडकं वडाखाली आणून ठेवलं. आबांनी पहिला घोट घेतला. त्यांचे डोळे मिटायच्या ऐवजी उघडले. कान टवकारले. रीत एकाच घोटाची, पण आबांनी दुसराही घेतला, मग तिसराही. मग आपण कोण आहोत हे त्यांना आठवलं.

"आंबली आहे," आबा म्हणाले.

"आबा, बिअर आंबतेच," शलाका म्हणाली. "न आंबवता होतं ते सातूचं पाणी. गजराजसुद्धा आंबवलेलीच असते. म्हणजे असायला हवी."

"गजराज मुरते हो," घोरपडकाकू म्हणाल्या. "आंबतं ते तुम्हा पोरींचं."

"फरक काय, काकू?"

"मुरायला वडीलधारे लागतात."

शलाकाने विचारलं, मग काकू दर उन्हाळ्यात आंबील पितात ती काय मुरवलेली असते का. काकूंनी सांगितलं की आंबिलीत संस्कार असतात. काकूंचं असं होतं, मुलांनो, की एकदा एखाद्या मताला चिकटल्या की त्यांना दोर बांधून गड चढता आला असता. मत मात्र हललं नसतं.

शलाकाचे काटे उभे राहिले. आबांनी ते खाली करायला सांगितले, मोठ्यांसमोर असं बसत नाहीत म्हणाले. आणि परवानगी नाकारली.

तरस मडक्याला लाथ मारणार, तेवढ्यात काकूंनी त्याला थांबवलं. अन्न टाकायचं नाही, ही त्यांच्या घरची शिकवण. शिळी पोळी आपण टाकतो का? कुस्करून फोडणीला घालतो. तसंच हे नासकं गजाशेठच्या हौदात घाला, एवढ्या मोठ्या हौदात खपून जाईल. पंचांना हे पटलं. शलाकाची सगळीच्या सगळी मडकी हौदात उपडी झाली. ती काठावर उभी राहून बघत होती.

त्या संध्याकाळी जंगल प्यायला बसलं आणि गप्प झालं. म्हैस गारव्याची चौकशी करायची विसरली. बगळा फेसाच्या खाली उतरला. कुणीच कुणाची शेपटी ओढली नाही.

"याला म्हणतात मुरलेली," आबा म्हणाले. "गजा, आज हात बसला तुझा."

गजाशेठने नम्रपणे मान झुकवली. काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं, त्यामुळे नम्रता सोपी गेली.

पुढच्या हौदाला पुन्हा पाय धुतल्याची चव आली. भांडणं सुरू झाली. आबांचं तोंड उतरलं. मग एका सकाळी घोरपडकाकू शलाकाच्या बिळाशी आल्या आणि फार गोड बोलल्या. हल्ली पंचांसमोर काही आणत नाहीस, असं म्हणाल्या. प्रयत्न सोडू नये, न्याय मिळतो.

शलाकाने आशेने मडकी नेली. आबांनी चाखली, आंबली म्हणाले, आणि सगळी हौदात गेली. तिने करवंदं कमी करून पाहिली. आंबली. सातू जास्त भाजून पाहिला. आंबली. ती रात्रंदिवस विचार करायची, आपलं चुकतंय कुठे.

मग एकदा तिने मडक्याचं झाकण काढायच्या आधीच आबा म्हणाले, "आंबली. ओता लवकर." तिने मागे वळून पाहिलं. हौदाशी सगळं जंगल द्रोण घेऊन रांगेत उभं होतं.

शलाका मडकं उचलून घरी आली आणि बिळाला आतून दगड लावला.

जंगलाचे हाल झाले. गजाशेठने निरोप धाडला की मडकी गुपचूप माझ्याकडे पाठव, तुला हौदप्रमुख करतो, नाव तेवढं गजराजच राहील. शलाकाने उलट निरोप धाडला. तो मी मुलांसमोर सांगत नाही.

शेवटी अस्वलआबा स्वतः आले. बाहेर उभे राहून म्हणाले की दर आठवड्याला एक तरी मडकं तपासावं अशी पंचांची परंपराच आहे, आणि परंपरा तुटू नये.

शलाकाने दगड सरकवला. भरलेला द्रोण उंबऱ्यावर ठेवला.

"घ्या, आबा. फक्त चांगली आहे म्हणा."

"तसं कसं म्हणू, पोरी? मग आधी म्हणालो ते खोटं ठरेल. मी खोटा ठरलो तर या जंगलाचं काय होईल?"

"जंगल बिअर पिईल."

आबा द्रोणाकडे झुकले. फेस हळूहळू बसत होता. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. आणि शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी, तशा आवाजात विचारलं,

"आंबली... आहे का?"

शलाका भांडायच्या तयारीत होती. तिचे काटे तसेच अर्ध्यावर थांबले आणि हळूहळू खाली बसले.

"आहे," ती म्हणाली. "पण इथे नाही मिळणार. बाजारात मिळेल. दुकान लावते."

आबांनी द्रोणाकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. परवानगी, मुलांनो, अशीही मिळते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी वडाखाली नवं दुकान लागलं. पाटीवर लिहिलं होतं, 'शलाकाची आंबली'. रांगेत पहिले आबा. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं, नेहमीच्याच करारी आवाजात सांगितलं, "आंबली." त्यांचं मत तसूभरही बदललं नव्हतं. त्यांच्या मागे काकू होत्या. त्यांनाही आंबलीच हवी होती, पचनासाठी.

कोल्ह्यांनी मात्र येणं सोडलं. सगळेच पिऊ लागल्यावर त्यांना तिच्यात बुरशी लागेना.

तात्पर्य: मोठ्यांनी आपल्या कामाला नावं ठेवली, तर रडत बसू नये. त्यातलं एक बरंसं निवडून पाटीवर लिहावं.