पाण्याचा रंग सांगा

ज्याला पाणी कळलं त्याला जग कळलं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला बनवलं आणि दहा चाळीसला मागे घेतलं. मधली पंचवीस मिनिटं मी एक माहितीपत्रक वाचत होतो.

तसा मी आत्मविश्वासाला कमी नाही. पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची खिल्ली उडवून पोट भरलं. भल्याभल्यांचं पाणी जोखलं. मग परसातल्या नऊ माशांचं पाणी जोखायला असं काय मोठं लागतं?

मासे माझे नाहीत. हिचे. तळंही हिचंच, तिने ते खणून घेतलं तेव्हा मी ‘डासांची सोय झाली’ एवढंच योगदान दिलं होतं. दर रविवारी सकाळी दहाला ती काचेच्या नळीत तळ्याचं पाणी घ्यायची, त्यात कसलेसे थेंब टाकायची, उन्हात धरून बघायची आणि वहीत एक शब्द लिहायची. आता ती जाऊन आठ महिने झाले. वही माझ्याकडे आहे. ‘रविवार. पिवळा.’ ‘रविवार. पिवळा.’ पानंच्या पानं. मध्येच कुठेतरी ‘दोन गाठी, तीन झाकणं’. ही नोंद मी विणकामाची समजून सोडून दिली होती.

आठ महिने मी माशांना खाणं टाकत होतो आणि मासे ते खात होते. आमचं छान चाललं होतं. मग त्या सोमवारी मोठी तळाशी जाऊन बसली.

मोठी म्हणजे हिने अंगठ्याएवढी आणलेली आणि आता माझ्या चपलेएवढी झालेली मासळी. वय बारा. मी दाणे टाकले, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. असं वागायचा हक्क या घरात आजवर एकाच व्यक्तीला होता.

आता खरं सांगतो, मला माशांचा एवढा पुळका का. माझी लेक दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहते. दर दोन दिवसांनी तिचा फोन येतो. “बाबा, एकटे काय राहता तिथे? इकडे या.” आणि दर दोन दिवसांनी मी म्हणतो, “अगं, मासे कोण बघणार?” या एका वाक्यावर मी आठ महिने या घरात टिकून आहे. मोठी गेली, पाठोपाठ बाकीचे गेले, की नवव्या मजल्यावर माझी खोली तयार आहे. तिथे खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. मी पाहून आलोय.

म्हणून शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार अबोल. त्याच्या मालाची संगत लागली असावी.

“एक मासळी तळाशी बसलीय,” मी म्हणालो.

“पाणी तपासलं?”

“नाही.”

“तपासा.” त्याने एक खोका पुढे सरकवला. “नळीत पाणी घ्या. दोन्ही बाटल्यांतले आठ आठ थेंब. हलवा. पाच मिनिटं थांबा. मागे पांढरा कागद धरून बघा. पिवळं आलं तर झोपा. हिरवं आलं तर धावा.”

“धावा म्हणजे?”

“माशांची घाण पाण्यात साठलीय. अर्धं पाणी काढा, नवीन भरा.”

कागदाचं मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. पण पस्तीस वर्षं कागदच बघत आलो होतो, आता आणखी कागद कशाला?

घरी येऊन माहितीपत्रक वाचलं, आठ अधिक आठ थेंब टाकले, नळी हलवली, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो. नळी उन्हात धरली. पाणी पिवळं होतं. किंवा हिरवं.

इथे मला एक कबुली द्यावी लागतेय. मला पिवळं आणि हिरवं वेगळं दिसत नाही. लाल आणि मातकटातही आमचं फारसं सख्य नाही. जन्मापासून. हे फक्त हिला माहीत होतं, तेही लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा मी तिच्या नव्या हिरव्यागार स्वेटरला “मातीचा रंग तुला खुलतो” म्हणालो. ती पाच मिनिटं हसली आणि नंतर कधी कुणाला बोलली नाही. लेकीलासुद्धा नाही. त्या दिवसापासून माझे मोजे धुवून आले की ती जोडीजोडीला गाठ मारून ठेवायची. मला काही निवडायचं नसे, फक्त सोडायचं. शेवटच्या सहा जोड्या खणात अजून तशाच गाठ मारलेल्या आहेत. त्या मी सोडत नाही. बाकीच्यांतून हाताला लागेल तो घालतो.

तर नळी हातात आणि रंग सांगायला कुणी नाही. मी लेकीला व्हिडिओ कॉल लावला. शक्कल लढवून विचारलं, “हे बघ, तुला हा रंग कसा वाटतो?”

“काय आहे ते? औषध घेताय?”

“तळ्याचं पाणी आहे. रंग सांग.”

“स्क्रीनवर तर निळसर दिसतंय. बाबा, तुमच्या हातात आहे ना नळी? तुम्हाला काय दिसतंय?”

“नेटवर्क जातंय,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. एकटा म्हातारा, त्यात रंगही दिसत नाहीत, असं कळलं असतं तर ती संध्याकाळपर्यंत सामान बांधायला आली असती.

इतक्यात फाटकाशी कुरियरवाला आला. “सर, ओटीपी सांगा.”

“आधी रंग सांगा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग नळीकडे. फाटकातूनच मान वाकडी करून म्हणाला, “हिरवा.”

“नक्की?”

“हिरवागार, सर. ओटीपी?”

पार्सलात काय होतं ते मी दोन दिवसांनी पाहिलं. त्या क्षणी मी धावत होतो. हिचा छोटा पंप काढला, त्याचा पाइप तळ्यात सोडला, दुसरं टोक शेजारच्या भिंतीपाशी टाकलं आणि अर्धं तळं उपसायला सुरुवात केली. मोठी तळाशी तशीच. “थांब, आलोच मी,” असं तिला म्हणालो. आठ महिन्यांत या माशांशी मी मोठ्याने बोललेलं हे पहिलं वाक्य.

पंप उत्तम चालला. इतका, की भिंतीखालच्या फटीतून पाणी थेट शेजाऱ्याच्या पायऱ्यांवर गेलं.

शेजारी म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. वर्षभर आमचं बोलणं नाही. माझ्या झाडाची पानं त्यांच्या अंगणात पडतात, हा वाद. पानांना सीमा कळत नाही असं मी एकदा म्हणालो होतो आणि त्यांना ते विनोदी वाटलं नव्हतं. ते फाटकातून आत आले ते पँट घोट्यापर्यंत भिजलेली, हातात ओली चप्पल.

“अहो, हा काय प्रकार आहे? माझ्या पायऱ्यांवर शेवाळ येऊन पडलंय! घराच्या भिंतीला रंग काढतोय मी, त्या रंगाऱ्याची शिडी चिखलात रुतली!”

“बरं झालं आलात,” मी म्हणालो. “हा रंग कोणता?”

तपासनीस थबकले. माणसाने तीस वर्षं शाळा तपासल्या की प्रश्न विचारणाऱ्यावर ओरडता येत नाही, उत्तर द्यावंच लागतं. त्यांनी चष्मा वर केला. नळीकडे पाहिलं.

“हिरवा. पण तुम्ही हे मला का विचारताय?”

“दोघांचं एकमत झालं,” मी म्हणालो आणि बागेचा नळ पूर्ण सोडला. नवं पाणी धो धो तळ्यात पडू लागलं. तपासनीस हातात चप्पल घेऊन तसेच उभे. भांडायला आलेल्या माणसाला जबाबदारी दिली की तो जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

अर्ध्या तासाने तळं भरलं. आणि मोठी वर आली. तिच्या मागोमाग आठही.

“बघा! आली वर!” मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं, तेही तपासून घ्यायला हरकत नव्हती.

“साहेब,” भिंतीवरून आवाज आला. शिडीवर रंगारी उभा होता, हातात ब्रश. “ते मासे तोंडं उघडतायत. श्वास लागलाय त्यांना.”

मी खाली बघितलं. नऊ तोंडं पाण्याबाहेर, उघडमीट, उघडमीट. जणू सगळे मिळून एकच शब्द म्हणत होते आणि आवाज फुटत नव्हता.

“पण पाणी हिरवं होतं हो!” मी नळी वर धरली. “हे बघा.”

“पिवळं आहे की ते.”

“दोघांनी हिरवं सांगितलं.”

“कुठे उभे राहून?” रंगाऱ्याने विचारलं. “साहेब, मी सकाळपासून ही भिंत पोपटी करतोय. फाटकातून बघितलं तर नळीच्या मागे माझी भिंत येते. मी वरून बघतोय, मागे तुमचा पांढरा शर्ट आहे. शर्टावर पिवळं दिसतंय. तुम्हाला भिंत पोपटी दिसली नाही?”

भिंत मला सकाळपासून, किंबहुना गेली वीस वर्षं, एकाच रंगाची दिसत होती.

तपासनिसांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. आणि त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली.

मी दुकानदाराला फोन लावला. “पिवळंच होतं. पण मी पाणी बदललं. मासे वर येऊन तोंडं उघडतायत.”

“नळाचं पाणी थेट?”

“हो.”

“त्यात क्लोरिन असतं. औषध घातलं नाही? बाईंनी नेलं होतं माझ्याकडून. हिरव्या झाकणाची बाटली, तीन झाकणं. आत्ता घाला, लगेच. थांबू नका.”

हिरवं झाकण. मी पंपाच्या खोलीत शिरलो. फळीवर सात बाटल्या, सारख्या मापाच्या, सातांची झाकणं एकाच मातकट रंगाची. लेबलं ओलीने गळून पडलेली. बाहेर नऊ तोंडं. “हिरवं कोणतं?” मी ओरडलो, पण तपासनीस अजून चष्मा पुसत होते आणि रंगारी शिडीवरून उतरत होता.

मग मी बाटलीला हात लावला आणि माझ्या बोटाला दोरा लागला. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोरा होता. एकीला एक गाठ. एकीला दोन. एकीला तीन.

दोन गाठी, तीन झाकणं.

विणकाम नव्हतं ते. तिने सातही बाटल्यांना माझे मोजे केले होते. कधी केलं असेल, कुणास ठाऊक. रविवारी ती तळ्याशी उभी असताना मी आत पेपर वाचत होतो.

दोन गाठींची बाटली घेतली, तीन झाकणं मोजून ओतली, रंगाऱ्याने शिडीच्या बांबूने पाणी ढवळलं, तपासनिसांनी घड्याळ धरलं. दहाव्या मिनिटाला लहान मासे खाली गेले. चौदाव्या मिनिटाला मोठीने तोंड मिटलं, एक फेरी मारली आणि पुन्हा तळाशी जाऊन बसली. अगदी सकाळच्या जागी.

मी पुन्हा दुकानात फोन केला. “वाचले सगळे. पण मोठी परत खाली बसली. पाणी चांगलं आहे तर मग ती बसते का?”

“थंडी पडायला लागली ना,” दुकानदार म्हणाला. “म्हातारी मासळी आहे. तुम्ही नाही बसत?”

वहीत पाहिलं. दर वर्षी याच आठवड्यात, त्याच अक्षरात: ‘मोठी खाली बसली. थंडी.’ मी पान उलटलं असतं तर सगळी दुपार वाचली असती. पण मग त्या दुपारी माझ्या परसात दोन माणसंही आली नसती.

चहा झाला. रंगारी भिंतीकडे परतला. तपासनीस फाटकाशी थांबले आणि म्हणाले, “पानांचं बघू नंतर.” मग सगळे गेले आणि चार कप धुवायला उरले. एक मी सवयीने जास्तीचा काढला होता.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. “बाबा, काय होता हो तो रंग?”

“पिवळा.”

“नक्की?”

“तिघांना विचारलं.”

“तिघं? तुमच्याकडे?” तिने विचारलं. मग म्हणाली, “बरं. मासे बघा मग.”

तर वाचकहो, पाण्याबद्दल माझं आता काहीही मत नाही. एक विनंती मात्र आहे. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास या बाजूला आलात तर क्षणभर आत या. फार काही करायचं नाही, पांढऱ्या कागदासमोर नळी धरीन, एक रंग सांगायचा. चहा मिळेल. आणि जाता जाता माझ्या पायांकडे बघून, मोजे एका जोडीचे आहेत का, तेवढं हळूच सांगा.