पिवळा हात

"माझा मेंदू फसत नाही," असं मी बायकोसमोर म्हणालो, आणि तेही तिच्या धाकट्या बहिणीच्या देखत. (काही वाक्यं नवऱ्याने मनातल्या मनातच म्हणायची असतात, हे मला दर वेळी मागाहून सुचतं.)

विषय होता वॉशिंग मशीनचा. ते मीच निवडणार, असं मी जाहीर करून टाकलं होतं.

"अहो, तुम्हाला कुणीही गंडवतं," बायको म्हणाली. "ती डास पळवणारी पेटी आणलीत ना? डास दुपारी तिच्यावरच बसून विश्रांती घेतात."

"पेटी बिघडली असेल. मेंदू शाबूत आहे!"

मेहुणी मेंदूविज्ञान शिकते. तिचे डोळे चमकले.

"भावजी, आत्ताच बघू या. मेंदू फसला तर मशीन ताई निवडेल. कबूल?"

"कबूल!" म्हणजे मशीन माझंच, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. माझा डावा हात पुठ्ठ्याच्या खोक्याआड, मला दिसणार नाही असा ठेवला. त्याऐवजी माझ्यासमोर आला भांडी घासायचा पिवळा रबरी मोजा, आत कापूस कोंबलेला. मोज्याच्या मनगटापासून माझ्या खांद्यापर्यंत टॉवेल पांघरला. मग दोन ब्रश घेऊन ती माझ्या बोटावरून आणि मोज्याच्या त्याच बोटावरून एकदमच फिरवू लागली.

"मोज्याकडेच बघा. काय वाटतंय?"

"भांडी घासावीशी वाटतायत," मी ऐटीत म्हणालो.

"प्रयोग चालूच ठेव गं!" बायको उत्साहाने म्हणाली.

पण हळूहळू भलतंच व्हायला लागलं. ब्रश पिवळ्या बोटावर फिरताना दिसायचा आणि गुदगुल्याही तिथेच व्हायच्या!

"मेंदू डोळ्यांवर फार विसंबतो," मेहुणी समजावू लागली. "डोळे म्हणाले हा हात तुमचा, की झालं."

"सामान्य माणसांचं होत असेल तसं," मी म्हणालो. (माघार घेणं आमच्या घराण्यात नाही. म्हणून तर घराण्याचं काही झालं नाही.)

इतक्यात बायकोने पाठीमागून हातोडी काढली आणि दाणकन मोज्यावर हाणली.

"मेलो!"

मी खुर्चीसकट उताणा पडलो. खोकं उडालं, दुधाचं पातेलं कलंडलं आणि माझी किंकाळी ऐकून शेजारचे काका धावत आले.

"काय झालं? कुठे लागलं?"

मी कण्हत कण्हत टेबलावरच्या मोज्याकडे बोट दाखवलं. काकांनी मोज्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते आल्या पावली परत गेले.

"मशीन मी निवडणार," बायको म्हणाली. मी मुकाट्याने मान डोलावली. माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. तिने मोजा अलगद उचलला आणि त्याच्यावर हळूच फुंकर घातली.

शपथेवर सांगतो, मला लगेच बरं वाटलं.