लॅकलनचं तिसरं पिल्लू

लॅकलन गिलिसची नजर कधी चुकत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कारण लॅकलन स्वतःच ते आठवड्यातून दोनदा सांगायचा. चाळीस वर्षं त्यानं फेरीबोट हाकली होती. धुक्यातला खडक त्याला अर्ध्या मैलावरून दिसे म्हणे. त्यामुळे तळ्याकाठच्या, मासे धरून खाणाऱ्या मोरघारींच्या घरट्यावर नजर ठेवायला माणूस हवाय असं कळल्यावर त्यानं सरळ सांगून टाकलं, "दुसरं कुणी शोधू नका. त्या घरट्यात माशी शिरली तरी माझ्या वहीत सापडेल."

एप्रिलात आफ्रिकेहून जोडी परतली आणि लॅकलनची ड्यूटी लागली. पलीकडच्या काठावर उंच पाइनच्या शेंड्यावर घरटं, अलीकडे लाकडी खोपटं, त्यात तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण आणि दुर्बिणीला चिकटलेला लॅकलन. नर मासा घेऊन आला की वेळ, माशाची जात, लांबी. मादी अंड्यांवरून उठली की किती मिनिटं. घरी थोरली बहीण इसोबेल जेवायला हाका मारून थकायची. पण मोरघारीचं जेवण उरकल्याशिवाय हा जेवायला यायचा नाही.

जूनच्या सुरुवातीला घरट्याच्या काठावर दोन इवलीशी डोकी दिसली. चार दिवसांनी, मोठा वारा होऊन गेल्यावर, त्यांच्या शेजारी तिसरं दिसलं. तपकिरी, गोलमटोल, अंगावर फिकट पट्टे. लॅकलननं वहीत तीन आकडा लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि दुपारपर्यंत गावभर सांगून आला.

पुढच्या दोन आठवड्यांत पहिली दोन पिल्लं ताडमाड वाढली. तिसरं होतं तेवढंच राहिलं. मासा आला की दोघं तुटून पडायची, हे आपलं गप्प. लॅकलननं लिहिलं, 'स्वभाव शांत. हावरेपणा नाही.' आणखी आठवड्यानं लिहिलं, 'भावंडं खाऊ देत नाहीत.' त्या दिवशी त्याला स्वतःलाही घास गेला नाही.

"ते हलतं का रे?" इसोबेलनं विचारलं.

"वारा आला की हलतं."

"वारा आला की आपलं कुंपणही हलतं, लॅकी."

"तुला पक्ष्यांतलं काय कळतंय," असं म्हणून लॅकलन तडक चर्चमध्ये गेला. पाद्री मन्रोबाबा भल्या मनाचे. त्यांनी रविवारच्या प्रार्थनेत आजारी मंडळींच्या यादीत शेवटी त्या पिल्लालाही घेतलं. तीन रविवार सगळं गाव त्याच्यासाठी डोळे मिटत होतं. दुकानात लोक ब्रेड घेता घेता विचारायचे, "धाकट्याचं कसं काय?" लॅकलन मान हलवायचा, घरात दुखणं असल्यासारखी.

शेवटी त्यानं रोनाला फोन केला. पिल्लांच्या पायांत ओळखीची कडी घालायला दरवर्षी तीच झाडावर चढायची. तिनं सांगितलं की अजून आठवडाभर अवकाश आहे, उगाच घरट्याला त्रास नको. लॅकलननं तिला दिवसातून चार फोन केले. चौथ्या दिवशी ती दोर घेऊन हजर झाली, बहुधा फोन थांबावेत म्हणून.

रोना वर चढली. मादी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. खाली लॅकलन टोपी हातात घेऊन उभा. शेजारी इसोबेल, आणि जरा मागे मन्रोबाबा, वाईट बातमी आली तर असावेत म्हणून.

मग रोना म्हणाली, "मिस्टर गिलिस, पिल्लं दोनच आहेत."

लॅकलननं वर पाहत विचारलं, "आणि धाकटं?"

"धाकटं विणलेलं आहे."

वरून एक पिशवी दोरानं खाली आली. तिच्यात चहा गरम राहावा म्हणून किटलीवर घालायचं लोकरी टोपडं होतं. तपकिरी, पट्ट्यांचं, माशाच्या वासानं भरलेलं. इसोबेलनं ते उलटसुलट करून पाहिलं. टाके तिचेच होते. मे महिन्यात तारेवर वाळत घातलेलं ते टोपडं नाहीसं झालं, तेव्हा तिनं शेजारच्या जेसीवर आळ घेतला होता, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. घरट्यात अंथरायला पक्ष्यानं ते उचलून नेलं असेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

लॅकलनला तळ्यात उडी मारावीशी वाटत होती. तेवढ्यात रोनानं पुन्हा हाक मारली. आता तिचा आवाज बदलला होता. मोठ्या पिल्लाच्या पायाला मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळली होती, मांसात रुतली होती. कात्रीनं ती कापायला तिला वीस मिनिटं लागली. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "आणखी आठवड्यानं आले असते तर हा पाय गेला असता. अन् पाय गेलेली मोरघार मासा कशानं धरणार? बरं झालं तुम्ही छळलंत."

लॅकलनला हसावं की रडावं कळेना. त्यानं वही काढली, तीन खोडून दोन केलं.

मग त्यानं मन्रोबाबांना बाजूला घेतलं. तीन रविवारांच्या प्रार्थनेचं आता काय करायचं?

"प्रार्थना परत घेता येत नाही, लॅकलन," बाबा शांतपणे म्हणाले. "लोक विचारतील. त्यांना काहीतरी सांगावंच लागेल."

"खरं सांगणार?"

"सांगेन, पण सांभाळून."

रविवारी चर्च भरलं होतं. मन्रोबाबांनी एका पिल्लाचा पाय वाचल्याबद्दल देवाचे आभार मानले. मग खाकरून म्हणाले की तिसरं आता घरट्यात नाही. त्याला कसल्याच वेदना झाल्या नाहीत एवढं मात्र ते छातीठोकपणे सांगू शकतात. मागच्या बाकांवर कुणीतरी नाक ओढलं. जेसीनं डोळे पुसले आणि ती उभी राहिली. तिचं पाहून सगळं गाव उठून मिनिटभर माना खाली घालून उभं राहिलं.

लॅकलनही उभा राहिला. दुसरं काय करणार? शेजारी इसोबेलचे खांदे गदगदत होते. लोकांना वाटलं, बिचारीनं फारच मनाला लावून घेतलंय.