'इन्व्हेस्ट' या क्रियापदाचे कुंडलमधले अर्थ

कोणत्याही क्रियापदाला कर्ता लागतो आणि बहुतेकांना कर्मही लागतं. 'इन्व्हेस्ट करणे' या इंग्रजी क्रियापदाला सातारा-सांगली पट्ट्यात याखेरीज घरात एक मुलगा लागतो. मुलगा नसेल तर क्रियापद चालत नाही असं नाही. पण मग त्याला 'उडवणे' म्हणतात.

हे मत मी घाईने बनवलेलं नाही. खंडाळ्यापासून कवठे महांकाळपर्यंत एकवीस घरं पाहिली. वीस घरांत निष्कर्ष सारखाच निघाला. एकविसाव्या घरात मुलगी नव्हती, त्यामुळे तुलना करता आली नाही. (नमुना लहान आहे हे मान्य. मोठा घेतल्यास चहा जास्त प्यावा लागेल, एवढाच फरक पडेल.)

उदाहरणादाखल कुंडल गावचं एक घर घेऊ. हंबीरराव द्राक्षबागायतदार. यंदा माल वेळेवर आणि चांगल्या भावात गेला होता, म्हणून घरात इन्व्हेस्ट करण्याजोगी रक्कम होती. मात्र एकाच कामाला पुरेल एवढी. मागण्या दोन होत्या. धाकट्या मुलीला बेंगळुरूच्या एका संस्थेत वनस्पतींच्या रोगांवर पुढचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला होता, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती. थोरल्या मुलाला, म्हणजे ऋषिराजला, शर्यतीचा खिलार खोंड हवा होता. खोंडाचं नाव डॉलर.

रविवारी सकाळी सोप्यात बैठक बसली. मुलीची कॉलेजातली शिक्षिका म्हणून मलाही बोलावलं होतं. माझ्याकडून बसण्यापलीकडे अपेक्षा नव्हती. हंबीररावांचे चुलतभाऊ केरबा फौजेतून निवृत्त झालेले असल्याने इंग्रजी खातं त्यांच्याकडे होतं. त्यांनी मोबाइलवर शब्दकोश उघडला.

"हे बगा. इन्व्हेस्ट म्हंजे गुंतवणे. लावणे. धोका पत्करणे. झोकून देणे."

"लावणे म्हंजे डॉलरच की," ऋषिराज म्हणाला. "धोका बी त्यात आला."

"आन झोकून द्यायला तू हाईसच," भामाबाई म्हणाल्या. त्या दोघांच्याही आई. पण पोरगा बोलला की त्यांना आधी हसू येतं.

प्रत्येक अर्थ खोंडाला लावून पाहण्यात आला आणि बरोबर बसला. मग केरबांनी बोटाने यादी खाली सरकवली. तळाशी 'खर्च करणे' असं होतं.

"हां," ते मुलीकडे बघून म्हणाले, "ह्यो हिचा."

मुलगी दारात उभी होती. "अण्णा, खोंड हारला तर?"

"तर अनुभव," हंबीरराव म्हणाले.

"आन मी नापास झाले तर?"

"तर पैसं पाण्यात."

"आन पास झाले तर?"

याचं उत्तर शब्दकोशात नव्हतं. ते भामाबाईंनी दिलं. "तर दुसऱ्याच्या घरी."

हंबीरराव अन्यायी नाहीत, हे नमूद करणं आवश्यक आहे. त्यांनी तोडगा काढला. गुरुवारी खंडाळ्याकडे बैलगाडी शर्यतीचं मैदान होतं. गुरुवारी डॉलर जिंकेल, शुक्रवारी बक्षिसातून फी भरली जाईल. दोन्ही कामं होतील. या तर्कात एकही पायरी सुटलेली नाही. फक्त पहिली पायरी खोंडाने चढायची होती.

"अण्णा, फी आधी भरा. खोंड पुढच्या मैदानाला घ्या."

"डॉलर पुन्यांदा गावंल व्हय गं?" ऋषिराज म्हणाला.

"माझी जागा तरी कुटं गावनार हाय, दादा?"

"बापावर इस्वास न्हाई व्हय तुझा?" हंबीररावांनी विचारलं. असा प्रश्न आला की चर्चा संपते. ती संपली.

सोमवारी डॉलर आला. घरात फरशी आणि पंखा असलेली मोकळी खोली एकच होती, मुलीच्या अभ्यासाची. ती त्याला देण्यात आली. (पुस्तकं गोठ्यात नेली नाहीत. तिथे म्हशी होत्या.) त्याला दूध, अंडी, उडदाच्या पिठाचे गोळे, आणि दुपारी विहिरीत पोहणं. 'डॉलर ग्रुप' अशी अक्षरं असलेले टीशर्ट छापून आले. ते घालणाऱ्यांत खोंडाला चारा घालणारं कोणी नव्हतं. पीठ मुलगी मळायची. अंडी तीच फोडायची. सकाळ-संध्याकाळ त्याच्या पायांवरून हात फिरवून कुठे सूज आहे का, तेही तीच बघायची. डॉलर जिंकावा असं त्या घरात सगळ्यांत मनापासून कोणाला वाटत असेल, तर तिला. अशा माणसाला आपल्याकडे समजूतदार म्हणतात.

गुरुवारी झेंडा पडला आणि गाड्या सुटल्या. डॉलर उभा राहिला. जोडीचा बैल मात्र पळाला. गाडीची एक बाजू स्थिर आणि दुसरी गतिमान असल्यास गाडी पुढे न जाता गोल फिरते, हे कोणालाही समजावं. डॉलरच्या गाडीने ते प्रेक्षकांसमोर दोनदा करून दाखवलं. गुलाल आधीच आणला होता. तो वाया जाऊ नये म्हणून परतताना उधळण्यात आला.

"लय अनुभव आला," केरबा म्हणाले.

"पुढच्या मैदानाला बगा तुमी," ऋषिराज म्हणाला. हंबीररावांनी मान डोलावली. पुढच्या मैदानापर्यंतचा खुराकही इन्व्हेस्टमेंटमध्येच धरायचा असतो.

शुक्रवारी दुपारी मी जमेल तेवढे पैसे घेऊन गेले. हंबीररावांनी ते हात जोडून परत केले. बाहेरच्या माणसाकडून घेणं घराण्याला शोभत नाही. तेवढ्यात संस्थेतून फोन आला. (अर्जावर नंबर वडिलांचा होता. मुलीचा नंबर बाहेर द्यायची पद्धत नाही.) तिकडची बाई मराठी होती आणि सभ्य होती. फी भरणार आहात का, नसाल तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला कळवायचं आहे, असं तिने विचारलं.

"औंदा न्हाई जमत म्याडम."

"मग विद्यार्थिनीचं पूर्ण नाव सांगा. रद्द करते."

हंबीररावांनी फोन छातीला लावला. "अगं, हिचं कागदावरचं नाव काय लावलंय?"

"मला काय इचारता? शाळंत तुमीच घातलं हुतं," भामाबाई म्हणाल्या.

मुलगी खोंडाच्या खोलीतून बाहेर आली. हाताला पीठ होतं. तिने मनगटाने फोन कानाशी धरला आणि स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं पूर्ण नाव सांगितलं. बाईला नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. मग जागा रद्द झाली, आणि ती पीठ मळायला आत गेली.

मीही ते नाव वर एकदाही लिहिलेलं नाही. खोंडाचं लिहिलं आहे. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. तुमचंही काही अडलेलं दिसत नाही.