परातीतलं मेण

नऊ डिसेंबर, मंगळवार. सकाळपासून परात खरवडते आहे. कणीक मळायच्या माझ्या स्टीलच्या परातीत वानखडे सरांनी बोटभर मेण ओतलं, आणि वर ती परत आणून दिली!

"खोल पडली, ताई," म्हणाले. "किडा मेणावर टाचण्यांनी ताणून बसवायचा, तर भांडं उथळ पाहिजे."

सर मूळचे अमरावतीचे, माझ्यासारखेच इकडे उत्तरेत आलेले. आमच्या गच्चीवरच्या खोलीत एकटेच राहतात आणि सेक्टर ३४ मधल्या एका क्लासात प्राणिशास्त्र शिकवतात. प्राणिशास्त्र म्हणजे त्यांच्या लेखी जंत. वाघ-सिंह नंतर.

या माणसाबरोबर जेवणं अशक्य आहे. कोथिंबीर पाहिली की, "सात पाण्यांनी धुतली?" शेजारच्या पंजाबी बाईंनी प्रेमानं मुळ्याचे पराठे आणले, तर हे दारातच, "भैणजी, मूली पक्का धोई है ना? अंडे मिट्टी में होते हैं!" ताट घेऊन ती बाई जी गेली ती गेलीच. माझ्या भाचीला जुळं झालं तेव्हा पेढा तोंडात टाकत म्हणाले, "जंताची मादी रोज दोन लाख अंडी घालते. बाप्पा, तक्रार नाही तिची."

जंताचा प्रवास तर मला पाठ झालाय. अंडं पोटात जातं, आतड्यात अळी निघते, ती रक्तातून यकृतात, मग हृदयात, फुफ्फुसात, तिथून घशात चढते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात.

"एवढं फिरून परत तिथंच? मग निघते कशाला?" मी एकदा ओरडले.

"हेच मी पस्तीस वर्षं विचारतोय," सर खूश होऊन म्हणाले.

आज मात्र पुरे झालं. महिनाअखेरीला खोली रिकामी करा, एवढंच सांगायला मी दुपारी जिना चढले.

सर उन्हात बसले होते. पुढ्यात त्यांचं जेवायचं ताट, एकुलतं एक, त्यातही मेण. त्यावर पाणी, पाण्यात पांढुरका लांब जंत, मधोमध फाटलेला. टाचणी धरलेला हात असा थरथरत होता की ताटातलं पाणी हलत होतं. मला पाहून त्यांनी हात शालीत घेतला.

"थंडी आहे," म्हणाले. मला उन्हानं घाम आला होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून." मग ताटाकडे बघत, "उद्या वर्गात जंत चिरून दाखवायचाय, क्लासचे मालक मागं बसणार आहेत. जमलं तर मी, नाही तर सोमवारपासून माझ्याऐवजी व्हिडिओ. बरणीत दोनच होते, ताई. हा फाडला मी."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवून काय, व्हिडिओतल्या माणसाचा हात थोडाच बसवणार आहे?"

असा राग आला मला! दीड महिना हा माणूस हात लपवतो आणि परात माझी नासवतो. मी वीस वर्षं ब्लाउज शिवते. टाचण्या त्यांच्या हातातून घेतल्या.

"सांगा कुठं."

"डोक्याशी एक. शेपटाशी एक. शेपूट सरळ, म्हणजे मादी. नराचं वाकडं. आता पाठीवरून चीर, मधल्या रेषेच्या थोडी बाजूनं. वरवर, ताई, अस्तर उसवताना कसं..."

"ते मला नका शिकवू."

कातडी दोन बाजूंना उघडली. आत मऊ पांढऱ्या दोऱ्याची गुंतवळ. "बीजकोश," सर हळूच म्हणाले. "पुढं ही दोन गर्भाशयं."

"आणि हृदय?"

"नाही. फुफ्फुसंही नाहीत. तिला लागत नाहीत."

ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या फाटक्या जंतावर सराव केला. खोलीचं बोलणं मी पुढं ढकललं. रद्द केलेलं नाही. उलट शनिवारी डॉक्टरकडे यायचं, ही अट वाढवली.

दहा डिसेंबर, बुधवार. आज सकाळी मी सेक्टर ३४ मध्ये पन्नास-साठ मुलांपुढं हातमोजे घालून उभी राहिले. मालक शेवटच्या बाकावर होते. सर म्हणाले, "ये मेरी असिस्टंट हैं." असिस्टंट! मी पहिली टाचणी टोचली. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून सर शिकवू लागले, आणि ते सांगतील तिथं मी चिरत गेले.